ओ

नोंदवहीत लिहिलंय : बाहुली, निळी, नग एक.
एदलजी कापडवाला विलायतेहून परतताना
बोट सुएझला कोळशासाठी थांबली असणार,
आणि त्यांनी घासाघीस केली असणार.

विजयकर बाईंनी पहिल्याच दिवशी दटावलं,
"बाहुली काय म्हणतेस? उशब्ती."
मग चष्मा पुसत, जरा ओशाळून :
"शब्दाचं मूळ नक्की ठाऊक नाही.
कुणी म्हणतं एका झाडाचं नाव,
कुणी म्हणतं 'उत्तर देणे' या धातूपासून.
मी दुसऱ्या बाजूची. पुरावा मागशील तर नाही."

वीतभर उंची. मोरचुदाचा रंग,
आणि खरंच, त्यात तांबंच आहे.
दोन हातांत दोन कुदळी, पाठीवर बियाण्याची पिशवी.
पोटावर आडव्या ओळी.
पक्ष्यांच्या चोची जिकडे, तिकडून वाचायला घ्यायचं.
काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही,
नुसती व्यंजनं, माशाच्या काट्यासारखी
ताटाच्या कडेला ठेवलेली.

फोर्टातल्या या तळघरात
दमटपणा शोषणाऱ्या यंत्राची बादली
मी रोज संध्याकाळी रिकामी करते.
साडेतीन लिटर, कधी चार.
वाळूनं तीन हजार वर्षं जे सांभाळलं
ते आमच्या हवेत मीठ सोडायला लागतं,
कडेकडेनं, पापडखारासारखं.
(कोठारे मॅडम बाळंतपणाच्या रजेवर.
त्यांच्या जागी सहा महिने मी.)

लेखाचा मथितार्थ : मेल्यावर तिकडेही शेतं आहेत.
पाट काढायचेत. वाळू वाहायचीय
पूर्वेकडून पश्चिमेकडे.
धन्याच्या नावाचा पुकारा झाला
की धन्याऐवजी यानं म्हणायचं

आणि इथं आम्ही तीन आठवडे अडकलो.
बाईंनी लिहिलं, 'हा मी येथे आहे.'
बाई, असं कोण बोलतं?
'उपस्थित' शाळेत. 'हजर' चौकीत.
मग मला गोदीच्या फाटकावरचे बाबा आठवले.

माझगाव, सकाळचे साडेसहा.
अकरा वर्षं बदली कामगार.
मुकादम यादी वाचायचा : भिवा लक्ष्मण सकपाळ!
भिवा गावी गेलेला, किंवा खाटेला खिळलेला,
आणि बाबा म्हणायचे, "ओ."
दुसऱ्याच्या नावाला, दुसऱ्याच्या बिल्ल्यावर,
दुसऱ्याच्या वाट्याची गोणी पाठीवर घ्यायला.
घरी आईनं हाक मारली
तर दोनदा मारावी लागायची.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "मुकादम यांच्यातही असत.
पुढच्या काळात पूर्ण संच निघाले :
दिवसाला एक, असे तीनशे पासष्ट मजूर
आणि दर दहांमागे एक चाबूकवाला."
"म्हणजे एकेकाला वर्षात एकच दिवस काम?"
"हिशेबानं तसंच."
बाबांना हे सांगायला हवं होतं.
हसले असते. बिडी विझवून पुन्हा विचारलं असतं,
"एकच दिवस?"

आणखी एक. धन्याच्या नावाची जागा कोरी आहे.
घाऊक माल, बाई म्हणाल्या. साच्यातून काढून ठेवायचे,
गिऱ्हाईक आलं की नाव घालायचं.
कुणी घाईत गेलं असेल. किंवा पैसे पुरले नसतील.
मी भिंगातून ती जागा पाहते,
दोन पक्ष्यांमधली, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी.
'ओ' तिथं मावला असता.
पण त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नाहीत,
आणि 'ओ'मध्ये स्वराखेरीज काहीच नाही.

लेबल समितीपुढे गेलं : 'हा मी येथे आहे.'
मंजूर.
मूळ कार्डावर, समासात, शिसपेन्सिलीनं,
बाईंचं बारीक तिरकं अक्षर :
किंवा, ओ. (तोंडी पुरावा, माझगाव.)

सहा वाजले. बादली आज जड आहे.
जिन्यावरून पहारेकरी ओरडतो,
"कोठारे मॅडम, कुलूप लावायचंय!"
पाच महिने झाले, त्याला नाव सांगून सांगून थकले.
दोन्ही हातांनी बादली सावरत
मी ओ देते.